ताऱ्याचा आकार पाहून दोष ओळखावा : विदर्भातील वावरातून डीप स्काय छायाचित्रण

आर्वी तालुक्यातील आमच्या वावरातून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र घेण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा नव्वद फ्रेमपैकी एकही कामाची निघाली नाही. प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट झाला होता. आधी मी ट्रॅकरला, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राला, दोष दिला, मग लेन्सला, मग वाऱ्याला. खरे कारण कळले ते ट्रायपॉड उभा केला होता त्या जागी पुन्हा गेल्यावर. ओलीत नुकतेच झालेल्या हरभऱ्याच्या कडेला, काळ्या मातीत तिन्ही पायांच्या खुणा होत्या आणि त्यांपैकी एक खूण बाकी दोहोंपेक्षा दोन बोटे खोल होती. रात्रभर ट्रायपॉड हळूहळू कलत गेला होता. त्या फ्रेम मी अजून पुसलेल्या नाहीत, कारण लांबट ताऱ्यांनी दोषाची दिशा तेव्हाच दाखवली होती. मला ती वाचता आली नाही, इतकेच.

ज्यांच्याकडे साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, ५० ते १३५ मिलिमीटरची एखादी लेन्स आणि जमल्यास छोटा ट्रॅकर आहे, आणि ज्यांना खेड्यातल्या अंधारातून तेजोमेघ, तारकागुच्छ व दीर्घिका (यांनाच डीप स्काय म्हणतात) टिपायच्या आहेत, त्यांच्यासाठी पुढील पद्धत क्रमाने मांडली आहे. मोठी दुर्बीण आणि गाइड कॅमेरा यांचा विचार येथे केलेला नाही, कारण लहान लेन्सवर हात बसण्यापूर्वी त्यांवर खर्च करणे मला योग्य वाटत नाही.

जागा, महिना आणि तिथी

आकाशाचा अंधार मोजण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची मापनपट्टी मांडली. पहिली पायरी सर्वांत काळोख्या आकाशाची आणि नववी महानगराच्या मध्यवस्तीची. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला आणि एकदा तरी ते आकाश पाहून यावे. मात्र शिकण्यासाठी स्वतःचे किंवा ओळखीच्या माणसाचे वावरच बरे, कारण तेथे लागोपाठ चार रात्री जाता येते आणि चुकलेली गोष्ट दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करता येते.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. उत्तरेचे क्षितिज मोकळे असावे. ध्रुव तारा आपल्याकडे इतका खाली असतो की एखादे कडुनिंबाचे झाडही त्याला झाकते. जवळच्या शहराचा उजेड कोणत्या दिशेला आहे हे टिपून ठेवावे. माझ्या वावरातून पश्चिमेला अमरावतीचा आणि पूर्वेला नागपूरचा फिकट घुमट दिसतो, म्हणून मी कोणतेही लक्ष्य याम्योत्तर वृत्ताच्या आसपास, म्हणजे ते सर्वांत उंच असतानाच टिपतो. तिसरी गोष्ट गावातल्या दिव्यांची. खांबांवरचे दिवे आता बहुतेक ठिकाणी पांढरे एलईडी झाले आहेत आणि त्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळे प्रकाश-प्रदूषण रोखणारा म्हणून विकला जाणारा फिल्टर त्यांच्यापुढे फारसा उपयोगी पडत नाही. तो जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी ठीक होता. त्या पैशांत एसटीने दहा किलोमीटर आत जावे.

तिथीसाठी भिंतीवरचे पंचांग पुरते. वद्य अष्टमीपासून चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो, म्हणून तेथून अमावास्येपर्यंत संध्याकाळचे आकाश आपले. शुद्ध चतुर्थीचा चंद्र नऊच्या सुमारास मावळतो, म्हणून त्या रात्रीही उशिरा काम करता येते. सूर्यास्तानंतर पूर्ण काळोख होण्यास आपल्या अक्षांशावर साधारण सव्वा तास लागतो. तेवढा वेळ मांडामांडीला बरोबर पुरतो.

ऋतूंचा विचार मात्र विदर्भाच्या हिशेबाने करावा लागतो. शेतकऱ्याचे मृग जूनच्या ७ किंवा ८ तारखेला लागते, म्हणजे तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो, आणि म्हणूनच पेरणीच्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही. छायाचित्रणाचे मृग गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत असते; डिसेंबरच्या मध्यास ते मध्यरात्रीच्या सुमारास माथ्याजवळ येते. नोव्हेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास देवयानी दीर्घिका उंच असते आणि डिसेंबरात दहाच्या सुमारास कृत्तिका. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस येऊन गेला की पुढच्या एक-दोन रात्री हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते. हरभऱ्याचे नुकसान झालेल्या शेजाऱ्यासमोर ही गोष्ट आनंदाने सांगू नये. मार्च ते मे या काळात धुरे आणि काडीकचरा जाळला जातो, जंगलाच्या कडेला मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांपर्यंत धुराचा थर राहतो. तरीही एप्रिल सोडू नये. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा आकाशातील सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ एप्रिलच्या मध्यरात्री आपल्या दक्षिणेला सुमारे साडेएकवीस अंश उंचीवर येतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही. ज्येष्ठा ताऱ्याभोवतीचे रंगीत मेघ आणि धनू राशीतला एम ८ तेजोमेघ एप्रिल-मेच्या पहाटे चांगले उंच असतात.

रात्री वावरात बसण्यापूर्वी आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आणि गावच्या पोलीस पाटलांना सांगून ठेवावे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी कुंपणाला झटका मशीन लावलेले असते आणि काही ठिकाणी बेकायदेशीरपणे थेट वीजही सोडलेली असते. अंधारात अनोळखी धुऱ्यावरून चालणे जिवावर बेतू शकते. मण्यार रात्रीच फिरते, म्हणून गुडघ्यापर्यंतचे बूट घालावेत आणि जमिनीवर बसू नये. वाघाचा वावर असलेल्या भागात घराच्या गच्चीवरूनच काम करावे. सांगून ठेवण्याचा दुसरा फायदा असा की जागलीवरचा माणूस बॅटरी मारण्यापूर्वी हाक देतो. आमच्या शेजारचे काका आता लांबूनच विचारतात, “भाऊ, फोटो चालू हाय का? डुकरं आली वाटते, लाइट मारू का?” आणि मी चालू असलेली एक फ्रेम सोडून देतो.

ट्रायपॉड आणि २१ अंशांवरचा ध्रुव

काळी माती ओली असताना मऊ असते आणि वाळताना भेगाळते. दोन्ही अवस्थांत ती ट्रायपॉडला दगा देते. प्रत्येक पायाखाली फरशीचा वीतभर तुकडा ठेवावा आणि तो पायाने दाबून बसवावा. पायांची लांबी शक्य तितकी कमी ठेवावी, मधला दांडा वर करू नये, आणि वजनासाठी पिशवी लटकवायची असेल तर तिचा तळ जमिनीला टेकलेला असावा, नाहीतर ती वाऱ्यात झोके घेऊन फायद्याऐवजी तोटाच करते. स्लॅबवर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दिवसभर तापलेला स्लॅब अर्धी रात्र उष्णता सोडत असतो आणि घरात कोणी चालले तरी हादरतो.

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). ट्रॅकर हीच गती उलट दिशेने देतो, पण त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असेल तरच. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. आर्वीला ती २१ अंश आहे, गडचिरोलीत त्याहून थोडी कमी. ही कमी उंची वैदर्भीय छायाचित्रकाराची खास अडचण आहे. अक्ष जवळजवळ आडवा असल्यामुळे कॅमेऱ्याचा तोल सांभाळणाऱ्या प्रतिभाराचा दांडा थेट खाली येतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडील पायावर आदळतो. त्यासाठी ट्रायपॉड असा फिरवावा की उत्तरेकडे पाय न येता दोन पायांमधली फट येईल, आणि मग काम सुरू करण्यापूर्वी कॅमेरा हाताने पूर्ण फिरवून काही अडते का ते पाहावे.

आता प्रत्यक्ष पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखणे. उजेड असतानाच वेजवरील (ट्रॅकरखालच्या कलत्या बैठकीवरील) उंची २१ अंशांवर आणावी आणि पातळी बुडबुड्यावर साधावी. होकायंत्राने उत्तर धरावी. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहूनही कमी आहे, ही मोठीच सोय. मात्र मोबाइलमधील होकायंत्र लोखंडी ट्रायपॉडला टेकवून पाहू नये, चार पावले मागे उभे राहून पाहावे. अंधार पडल्यावर पोलरस्कोपमध्ये, म्हणजे ट्रॅकरच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत, ध्रुव तारा येईपर्यंत अक्ष हलवावा. धुरकट हवेत २१ अंशांवरचा ध्रुव फिका दिसतो आणि नवखा माणूस भलताच तारा धरून बसतो, म्हणून शर्मिष्ठा किंवा सप्तर्षींवरून तो नुसत्या डोळ्यांनी आधी ओळखावा.

येथे बहुतेक जण थांबतात आणि ध्रुव तारा पोलरस्कोपच्या मधोमध आणून समाधान मानतात. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवावर नाही; तो त्यापासून सुमारे दोन तृतीयांश अंश, म्हणजे जवळजवळ ४० कला दूर आहे आणि त्याभोवती फिरतो. अक्षातील प्रत्येक एका कलेच्या चुकीमुळे तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला सरकतो, म्हणजे ४० कलांच्या चुकीने दहा विकला. ३.७ मायक्रॉनचे पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्यावर १३५ मिलिमीटरची लेन्स लावली तर एका पिक्सेलमध्ये सुमारे साडेपाच विकला मावतात. मग एका मिनिटाच्या फ्रेममध्ये तारा जवळजवळ दोन पिक्सेल लांबतो. हाच हिशेब ४०० मिलिमीटरच्या लेन्सला लावला तर पाच पिक्सेल. म्हणून त्या क्षणी ध्रुव तारा पोलरस्कोपमधील वर्तुळावर घड्याळाच्या कितव्या आकड्याशी असावा हे मोबाइलवरील पोलर अलाइनमेंटच्या अॅपमधून पाहावे, त्यासाठी मोबाइलमधील स्थान आणि वेळ बरोबर आहे याची खात्री करावी, आणि तारा तेथे बसवावा. चूक दहा कलांच्या आत आली की १३५ मिलिमीटरसाठी दोन मिनिटांची फ्रेम निर्धास्त घेता येते. त्याहून अचूकतेच्या मागे लागून अंधाराचा तास घालवणे मला पटत नाही.

ध्रुव झाडामागे असेल तर दुसरा मार्ग आहे. दक्षिणेला, याम्योत्तराजवळ आणि खगोलीय विषुववृत्तालगत (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातील रेषेलगत) असलेला तारा ट्रॅकर चालू ठेवून पाच मिनिटे पाहावा. तो दक्षिणेकडे सरकत असेल तर अक्ष पूर्वेकडे जास्त वळलेला आहे, उत्तरेकडे सरकत असेल तर पश्चिमेकडे. मग पूर्वेला विषुववृत्तालगतचा तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर.

फोकस आणि एक्स्पोजर

लेन्सवरील अनंताच्या चिन्हावर विश्वास ठेवू नये. ऑटोफोकस आणि लेन्सची प्रतिमा-स्थिरता बंद करावी, व्याध किंवा रोहिणीसारखा ठळक तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करावा आणि तो लहानात लहान होईपर्यंत रिंग केसाइतकी फिरवावी. बरोबर बिंदूवर त्याच्या शेजारचे मंद तारे अचानक दिसू लागतात. पुठ्ठ्याचा बाख्तिनोव्ह मास्क (लेन्सपुढे लावायची फटींची जाळी) कापून लावला तर ताऱ्याभोवती तीन रेषा दिसतात आणि मधली रेषा बाकी दोहोंच्या बरोबर मध्ये आली की फोकस साधला. मग रिंगवर चिकटपट्टी लावावी. हिवाळ्यात संध्याकाळी अठरा अंश असलेले तापमान पहाटे दहावर येते आणि लेन्स आकसते, म्हणून दर तासाला फोकस पुन्हा पाहावा.

कॅमेऱ्यात रॉ स्वरूप निवडावे, दीर्घ एक्स्पोजरसाठीचा नॉइज (चित्रातील दाणेदार खरखर) कमी करण्याचा पर्याय बंद ठेवावा, कारण तो प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ वाया घालवतो, आणि आयएसओ ८०० ते १६०० ठेवावा. एफ/१.८ ची लेन्स असली तरी एफ/२.८ किंवा एफ/४ वर आणावी. एक चाचणी फ्रेम घेऊन हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, पाहावा. उंचवटा डाव्या कडेपासून सुटून पाव ते एक तृतीयांश अंतरावर आला असेल तर एक्स्पोजर पुरेसे आहे.

ट्रॅकर नसेल तरी सुरुवात करता येते. वर सांगितलेल्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सने एका पिक्सेलमध्ये सुमारे १५ विकला येतात, म्हणजे विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला बरोबर एक पिक्सेल सरकतो. दोन-तीन सेकंदांच्या चारशे फ्रेम घेऊन नंतर संगणकावर एकत्र केल्या तर मृगाचा तेजोमेघ आणि कृत्तिका समाधानकारक येतात. दर पाच-सात मिनिटांनी लक्ष्य फ्रेमच्या मध्ये आणावे लागते, एवढाच त्रास. एकूण वेळ चौपट केला की सिग्नल (लक्ष्याचा खरा प्रकाश) आणि नॉइजचे गुणोत्तर दुप्पट होते. एका तासावरून सव्वा तासावर गेल्याने काही फरक दिसत नाही, चार तासांवर गेल्याने दिसतो.

लक्ष्य निवडताना एवढे ध्यानात असू द्यावे की साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवतो. गुलाबाच्या आकाराचा रोझेट तेजोमेघ पहिल्याच महिन्यात धरला तर निराशा पदरी पडेल. एम ४२ (मृगाचा तेजोमेघ), कृत्तिका, देवयानी दीर्घिका आणि ओमेगा सेंटॉरी यांना ही अडचण नाही.

उन्हाळ्याची उष्णता आणि हिवाळ्यातले दहिवर

सेन्सरमध्ये उष्णतेमुळे निर्माण होणारा प्रवाह दर सहा अंशांना साधारण दुप्पट होतो. डिसेंबरच्या १२ अंशांच्या रात्रीशी तुलना केली तर मे महिन्यातील ३० अंशांच्या रात्री तो आठपट असतो. त्यामुळे उन्हाळ्यात एकाच आयएसओवर, एकाच एक्स्पोजरला फ्रेम लाल-निळ्या ठिपक्यांनी भरते. कॅमेऱ्याचा पडदा बाहेर वळवून उघडा ठेवावा म्हणजे मागची उष्णता निघून जाते, दोन फ्रेममध्ये दहा-पंधरा सेकंदांची विश्रांती द्यावी, लाइव्ह व्ह्यू सतत चालू ठेवू नये आणि काम शक्यतो पहाटे दोननंतर करावे. बर्फाच्या पिशव्या कॅमेऱ्याला बांधण्याचा उद्योग मी एकदा केला. कॅमेऱ्याच्या आत ओल धरली आणि तो दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावा लागला.

हिवाळ्यात ओलिताच्या गव्हाशेजारी रात्री अकरानंतर दहिवर पडू लागते. लेन्सची काच आकाशाकडे उघडी असल्याने भोवतीच्या हवेहूनही थंड होते आणि तिच्यावर बाष्प जमते. ते कापडाने पुसू नये. पुसलेली काच पाच मिनिटांत पुन्हा धुरकटते आणि वर ओरखडा पडतो. काळ्या पुठ्ठ्याचा लांब हूड आणि लेन्सभोवती यूएसबीवर चालणारी गरम पट्टी हाच उपाय, आणि पट्टी दव पडल्यावर नव्हे तर सुरुवातीपासून लावावी. ओलिताच्या वावरापासून शंभर पावले दूर, उंचवट्यावरच्या पडीक जागेत मांडणी केली तर हा त्रास निम्म्याने कमी होतो.

विजेची सोय खेड्यात सहज होते, फक्त तिकडे त्या नजरेने पाहावे लागते. फवारणीच्या बॅटरीवाल्या पंपात बहुधा १२ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी असते. ती ९६ वॅट-तास साठवते आणि निम्म्याहून जास्त उतरवू नये असे धरले तर ४८ वॅट-तास वापरता येतात. सहा वॅटचा ट्रॅकर आणि पाच वॅटची पट्टी त्यावर चार तास चालतात. बॅटरी बाहेर काढून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्यावर कीटकनाशक असते. वायरमध्ये फ्यूज घालावा आणि धन-ऋण टोके दोनदा तपासावीत. पॉवर बँक वापरणाऱ्यांना एक चकवा बसतो : फार कमी विद्युतप्रवाह खेचला जात असेल तर ती आपोआप बंद होते आणि ट्रॅकर थांबल्याचे आपल्याला अर्ध्या तासाने कळते. पट्टी आणि ट्रॅकर एकाच पॉवर बँकेवर जोडले तर बहुधा ती जागी राहते.

बिघडलेला तारा काय सांगतो

पहिल्या तीन-चार फ्रेम वावरातच, पडद्यावर पूर्ण मोठ्या करून पाहाव्यात. तारे एकाच दिशेने लांबट असतील तर ट्रॅकर बंद करून वीस सेकंदांची एक फ्रेम घ्यावी. त्या फ्रेममधील रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवतात. बिघडलेल्या फ्रेममधील लांबट तारे याच दिशेत असतील तर दोष गतीचा आहे. या रेषांना काटकोनात असतील तर दोष पोलर अलाइनमेंटचा आहे किंवा ट्रायपॉड खचला आहे. या एका चाचणीने निम्मे भांडण मिटते. माझी ती पहिली नव्वद फ्रेमची रात्र या चाचणीने दहा मिनिटांत वाचली असती.

गतीच्या दोषात सर्वांत आधी ट्रॅकरवरील उत्तर-दक्षिण गोलार्धाचे बटन पाहावे. ते दक्षिणेकडे राहिले असेल तर ट्रॅकर उलटा फिरतो आणि ताऱ्यांच्या रेषा ट्रॅकरशिवाय येतील त्याच्या दुप्पट होतात. त्यानंतर गतीची निवड. चंद्राच्या गतीवर ठेवलेला ट्रॅकर मिनिटाला सुमारे ३३ विकला मागे पडतो, म्हणजे १३५ मिलिमीटरवर सहा पिक्सेल. सूर्याच्या गतीवर ठेवला तर मिनिटाला अडीच विकलांचाच फरक पडतो आणि म्हणून ही चूक वर्षभर लपून राहू शकते. बटने बरोबर असतील तर तोल आणि क्लच तपासावा. घट्ट न बसलेला क्लच जड लेन्स हळूहळू घसरू देतो.

काही फ्रेम नेटक्या आणि काही लांबट, आणि हा क्रम ठरावीक वेळाने परत येत असेल तर तो ट्रॅकरमधल्या वर्म गिअरचा (कॅमेरा फिरवणाऱ्या मळसूत्री गिअरचा) स्वभाव आहे. अनेक छोट्या ट्रॅकरमध्ये त्याची एक फेरी सुमारे दहा मिनिटांची असते. त्यावर एक्स्पोजर निम्मे करणे आणि वाईट फ्रेम गाळणे एवढेच हाती असते. तारा दोन ठिकाणी उमटला असेल, जणू जोडतारा, तर कोणीतरी ट्रायपॉडला धक्का दिला आहे किंवा रिमोटची लोंबती वायर ओढली गेली आहे. वायर ट्रायपॉडला बांधून टाकावी. सगळे तारे एका बिंदूभोवती वर्तुळाकार फिरल्यासारखे दिसत असतील तर तीही अक्षाचीच चूक.

फ्रेमच्या मध्यभागी तारे गोल आणि चारही कोपऱ्यांत पंख फुटल्यासारखे असतील तर ट्रॅकरला हात लावू नये, तो लेन्सचा दोष आहे. लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एक-दोन पायऱ्या लहान करावे. एकाच बाजूचे कोपरे बिघडत असतील तर लेन्स किंवा अॅडॉप्टर तिरपा बसला आहे. ठळक ताऱ्यांभोवती जांभळी कड येत असेल तरीही छिद्र लहान करावे.

तारे गोल पण फुगलेले असतील तर फ्रेमचा क्रम पाहावा. पहिल्यापासून फुगलेले असतील तर फोकस चुकला. पहिल्या वीस फ्रेम चांगल्या आणि पुढे हळूहळू फुगत, मंद होत गेले तर काचेवर दव आहे. मध्येच पाच-दहा फ्रेममध्ये ताऱ्यांभोवती तेजाची वलये येऊन पुन्हा गेली असतील तर पातळ ढग किंवा शेजारच्या धुऱ्यावरचा धूर.

डार्क, फ्लॅट आणि संगणकावरचे काम

सेन्सरचे ठिपके नंतर वजा करता यावेत म्हणून, शेवटची फ्रेम झाल्यावर लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर, त्याच एक्स्पोजरला वीस-तीस डार्क फ्रेम घ्याव्यात. त्या घरी येऊन घेण्याची सवय विदर्भात चालत नाही, कारण घरातले आणि वावरातले तापमान यांत दहा अंशांचा फरक असू शकतो आणि मग ठिपके जुळत नाहीत. फ्लॅट फ्रेमसाठी पहाटेच्या उजळलेल्या आकाशाकडे लेन्स रोखून तिच्यावर पांढऱ्या सुती धोतराचा दुहेरी, सुरकुत्या नसलेला पदर ताणावा आणि हिस्टोग्रामचा उंचवटा मधोमध येईल असे एक्स्पोजर निवडावे. फोकस आणि कॅमेऱ्याची दिशा लेन्सवर हलवू नये. कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरील धुळीचे डाग फ्लॅटशिवाय जात नाहीत, आणि कापसाच्या हंगामात सेन्सरवर धूळ असतेच. सेन्सरची मूळ पातळी टिपणाऱ्या, सर्वांत कमी एक्स्पोजरच्या वीस-तीस बायस फ्रेम झाकण लावून कधीही घेता येतात.

डार्क वापरूनही चित्रात तिरकस पावसासारख्या रेघा दिसत असतील तर कारण वेगळे आहे. आकाश दर फ्रेमला थोडे एकाच दिशेने सरकत गेले आणि सेन्सरचे ठिपके त्यावरून ओढले गेले. दर दहा फ्रेमनंतर ट्रॅकर वीस-तीस पिक्सेल इकडेतिकडे हलवला की या रेघा उरत नाहीत. कंटाळवाणे काम आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर हे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत. सिरिलमध्ये लाइट (आकाशाच्या फ्रेम), डार्क, फ्लॅट आणि बायस अशा चार फोल्डरमध्ये फाइल ठेवून तयार स्क्रिप्ट चालवली की स्टॅक, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून बनलेले एक चित्र, तयार होतो. स्क्रिप्ट मध्येच थांबली तर आधी डिस्कवरील जागा पाहावी : २४ मेगापिक्सेलची एक रंगीत फ्रेम ३२ बिटांत सुमारे २९० मेगाबाइट घेते, शंभर फ्रेमना २९ गिगाबाइट लागतात आणि मधल्या टप्प्यांच्या प्रती वेगळ्या. जुन्या लॅपटॉपवर १६ बिट निवडावेत किंवा फ्रेम चांगल्या-वाईट पाहून गाळाव्यात. उपग्रहांच्या रेघांमुळे फ्रेम टाकून देण्याची गरज नाही. पुरेशा फ्रेम असतील तर सिग्मा क्लिपिंग (बाकी फ्रेमहून वेगळे पडणारे पिक्सेल गाळण्याची पद्धत) त्यांना आपोआप वगळते.

स्टॅक उघडल्यावर काळा पडदा दिसला म्हणून घाबरू नये, ते चित्र अजून ताणलेले, म्हणजे त्यातले मंद भाग उजळवलेले, नाही. आधी कडेचा खराब भाग कापावा, मग पार्श्वभूमी काढून नागपूर-अमरावतीच्या उजेडाचा उतार सपाट करावा. पार्श्वभूमी मोजण्यासाठी प्रोग्रामने घेतलेले नमुन्याचे बिंदू तेजोमेघावर पडले असतील तर ते काढून टाकावेत, नाहीतर प्रोग्राम तेजोमेघालाच प्रकाश-प्रदूषण समजतो. त्यानंतर ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून रंगसंतुलन, मग हिरवी झाक काढणे, आणि सर्वांत शेवटी ताणणे. ताणताना थोडे-थोडे आणि अनेकदा करावे. आकाशाची पार्श्वभूमी गडद राखाडी राहू द्यावी. ती पूर्ण काळी केली की तेजोमेघाच्या फिक्या कडाही तिच्यासोबत जातात. एम ४२ चा गाभा इतका तेजस्वी आहे की एक मिनिटाच्या फ्रेममध्ये तो पांढरा होतोच. त्यासाठी त्याच रात्री पाच सेकंदांच्या वीस फ्रेम वेगळ्या घेऊन गाभ्यापुरत्या मिसळाव्यात.

एका अमावास्येला दोनच तास मिळाले तर पुढच्या महिन्यात त्याच लक्ष्याच्या आणखी फ्रेम घेऊन त्या जोडता येतात. प्रत्येक रात्रीच्या फ्रेम त्या रात्रीच्या फ्लॅट आणि डार्कने वेगळ्या स्वच्छ करून मगच एकत्र स्टॅक कराव्यात, आणि कॅमेरा दोन्ही रात्री एकाच कोनात राहावा म्हणून लेन्स आणि ट्रॅकर यांच्यामधल्या कड्यावर पांढऱ्या रंगाची एक खूण करून ठेवावी.